स्प्रेची भीती आणि थेंबांची सवय

वाचकांचं पत्र :

डॉक्टर, मी 36 वर्षांची आहे, शाळेत शिकवते. गेली सहा-सात वर्षं ऋतू बदलायला लागला की मला सर्दी धरते आणि दीड-दोन महिने पाठ सोडत नाही. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, नाकातून पाण्याची धार. डोळे इतके खाजतात की चोळून चोळून लाल होतात. दुपारनंतर नाक चोंदतं, रात्री तर दोन्ही नाकपुड्या बंद. ताप कधीच नसतो. घरचे म्हणतात, ‘सर्दीच तर आहे, एवढं काय!’ जुनी सर्दीची गोळी घेतली की झोप येते. मागच्या आठवड्यात वह्या तपासता तपासता टेबलावरच डोकं टेकलं. मग नाक मोकळं करणारे थेंब आणले. दोन मिनिटांत बरं वाटतं, पण आता महिना झाला, दर तीन-चार तासांनी घातल्याशिवाय राहवत नाही. रात्री उशाशी बाटली ठेवून झोपते. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे लिहून दिला होता. दोन दिवस मारला, फरक पडला नाही, आणि स्टिरॉइड म्हटल्यावर भीतीही वाटली, म्हणून सोडला. आता ओळखीच्या एक बाई म्हणतात, सुरुवातीलाच एक इंजेक्शन घेतलं की वर्षभर बघायला नको. घेऊ का? माझी नऊ वर्षांची मुलगीही हल्ली सारखी नाक घासते. तिलाही हेच होणार का? आणि मला हे जन्मभर सोसायचंय का?

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले : ‘रात्री उशाशी बाटली ठेवून झोपते.’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की, बाकीचं काही न वाचताही तुमची रात्र कशी जात असेल ते मला कळतं. तोंड कोरडं पडून जाग येते, अंधारात हात चाचपडतो, बाटली सापडली की जीव भांड्यात पडतो. सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखी वाटत नाही आणि त्यावर घरचे म्हणतात, सर्दीच तर आहे.

आधी त्याबद्दलच बोलू. ही सर्दी नाही. विषाणूची सर्दी सात ते दहा दिवसांत उतरते, बहुधा घसा दुखून सुरू होते, कधी अंगात कणकण असते आणि नाकातला स्राव पुढे घट्ट होतो. तुम्हाला दरवर्षी ठरावीक दिवसांत होतं, आठवडेच्या आठवडे चालतं, स्राव पाण्यासारखा पातळ राहतो, आणि मुख्य म्हणजे खाज आहे. नाक, डोळे, टाळू, कानाच्या आत खाज. सर्दीत एवढी खाज नसते. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं हंगामी ॲलर्जीची आहेत, आणि म्हणून प्रतिजैविकांचा तिथे काही उपयोग नाही. कुणी दिलीच तर कशासाठी, एवढं जरूर विचारा.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात सांगते, कारण त्यावरून कुठलं औषध कधी घ्यायचं ते कळतं. गवत, तण आणि काही झाडं वाऱ्यावर परागकण सोडतात. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. गवताचा एक कण साधारण 30 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बारीक. बहुतेकांच्या नाकात तो जातो आणि काही होत नाही. तुमचं शरीर मात्र त्याला शत्रू समजून बसलं आहे. त्याच्यासाठी तयार झालेली आयजीई नावाची प्रतिद्रव्यं नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. कण आला की या पेशी फुटतात आणि हिस्टामीन बाहेर पडतं. शिंका, खाज, पाणी हा सगळा त्याचा प्रताप, तोही काही मिनिटांत. पण गोष्ट तिथे संपत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते; इतर दाहक पेशी तिथे जमतात, अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. तुमची सकाळ शिंकांची आणि रात्र बंद नाकाची का, ते यात आलं.

आणखी एक गोष्ट यात दडलेली आहे. हंगाम पुढे सरकतो तसं सुजलेलं अस्तर जास्तच हळवं होत जातं. सुरुवातीला शंभर कणांनी जेवढ्या शिंका यायच्या, तेवढ्या पुढे दहा कणांनीही येतात. म्हणून त्रास शिगेला पोहोचल्यावर औषध शोधणाऱ्याला ते कमी पडल्यासारखं वाटतं.

माणसाला हे कळायला वेळ लागला. जॉन बोस्टॉक नावाच्या इंग्लिश डॉक्टरने 1819 मध्ये या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं, आणि तो रुग्ण म्हणजे तो स्वतःच होता. लहानपणापासून दर उन्हाळ्यात त्याला हेच व्हायचं. लोक दोष देत होते नुकत्याच वाळवलेल्या गवताच्या वासाला, म्हणून ‘हे फीव्हर’ (इंग्रजीत ‘हे’ म्हणजे वाळलं गवत, ‘फीव्हर’ म्हणजे ताप) हे नाव पडलं. त्यात ना वाळल्या गवताचा वास कारण, ना ताप असतो. पुढे चार्ल्स ब्लॅकली या दुसऱ्या इंग्लिश डॉक्टरने स्वतःच्या नाकात परागकण घालून, पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून हवेतले कण पकडून, खरा गुन्हेगार परागकणच आहे हे दाखवलं. त्याचं पुस्तक 1873 चं. हे सांगण्याचं कारण एवढंच की, या दुखण्याला ‘एवढं काय’ म्हणून हसणारे लोक दोनशे वर्षांपूर्वीही होते आणि तेव्हाही ते चूकच होते. नाक बंद असलेला माणूस नीट झोपत नाही, आणि न झोपलेल्या माणसाचं दिवसभराचं कामही धड होत नाही. टेबलावर डोकं टेकलं त्यात फक्त गोळीचाच दोष असेल असं मला वाटत नाही.

आता थेंबांकडे येते, कारण या घडीला तुमचा सगळ्यांत मोठा प्रश्न परागकण नसून ती बाटली आहे.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन हे शब्द बाटलीवर बारीक अक्षरांत असतील, बघा. ही औषधं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात. सूज दोन-पाच मिनिटांत उतरते, म्हणून ती जादू वाटते. पण असर संपला की आवळलेल्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त सैलावतात आणि नाक पहिल्याहून घट्ट बंद होतं. मग पुन्हा थेंब. तीन, फार तर पाच दिवसांपलीकडे ही औषधं वापरायची नाहीत, असं सांगतात ते याचसाठी. तुम्ही महिनाभर वापरलीत. आज तुमचं नाक जे चोंदतंय त्यातलं बरंचसं या थेंबांनीच चोंदतंय. ॲलर्जीचा हंगाम संपला तरी हे चोंदणं संपणार नाही, कारण त्याचा हंगामाशी संबंधच उरलेला नाही. यात तुमचा दोष काढत नाही. बाटली सहज मिळते, पटकन आराम देते, आणि विकताना कुणी मोजून चार वाक्यंही सांगत नाही.

सुटका होते, आणि बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत होते. माझी पद्धत अशी : आधी स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे रोज सुरू करायचा. चार-पाच दिवस थेंबही चालू ठेवायचे, पण जमेल तितके लांबवायचे. मग एका नाकपुडीतले थेंब पूर्ण बंद. दुसरीत, गरज पडली तर, फक्त रात्री. पहिली नाकपुडी दोन-तीन रात्री सणकून बंद राहील, पण श्वासाला दुसरी असते, म्हणून गुदमरल्यासारखं होत नाही. पहिली मोकळी व्हायला लागली, आणि ती होतेच, की दुसरीचे थेंबही सोडायचे. त्या दिवसांत डोक्याखाली एक जादा उशी घ्या. डोकं वर राहिलं की नाकातली सूज कमी जाणवते. मिठाच्या पाण्याचा स्प्रे उशाशी ठेवा. हात सवयीने चाचपडेलच, तर त्याला काहीतरी निरुपद्रवी सापडू दे.

आणि ज्या स्प्रेला तुम्ही घाबरलात, तोच तुमच्या दुखण्याचा मुख्य उपाय आहे. शिंका, खाज, पाणी आणि चोंदणं या चारही गोष्टींवर एकटा चालणारा दुसरा इतका चांगला उपाय आपल्याकडे नाही. गोळ्या पहिल्या तिघींवर चालतात, चोंदलेल्या नाकावर त्यांचं फारसं चालत नाही. ‘स्टिरॉइड’ या शब्दाने दचकायला होतं, ते मी समजू शकते. तोंडाने महिनोन् महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी काय होतं ते आपण आजूबाजूला पाहिलेलं असतं. पण इथे मात्रा बघा. मोमेटासोन हे अशा स्प्रेतलं एक स्टिरॉइड; त्याच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठ्या माणसाला रोज प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे धरले तरी दिवसाचे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग. ते नाकाच्या अस्तरावरच काम करतं. थोडं गिळलं जातं, त्याचं यकृतात जवळजवळ सगळं विघटन होतं. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन यांचा रक्तापर्यंत पोहोचणारा वाटा 2 टक्क्यांच्याही खाली असतो. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांना लक्ष ठेवता येईल. बाकी नेहमी दिसणारा त्रास म्हणजे नाक कोरडं पडणं आणि क्वचित थोडं रक्त येणं, आणि तेही बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने मारल्यामुळे.

दोन दिवसांत फरक पडला नाही, यात नवल नाही. हा स्प्रे थेंबांसारखा नाही. थोडा फरक पहिल्या दिवसात जाणवू शकतो, पण पुरता असर यायला एक ते दोन आठवडे रोज मारावा लागतो. एक दिवस मारला, दोन दिवस विसरला, असं केलं तर तो मारल्यात जमा नाही.

आणि मारायचा कसा हे तुम्हाला कुणी दाखवलं होतं का? मी माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या हातात बाटली देते आणि म्हणते, मारून दाखवा. दहातले बरेच जण मान मागे टाकतात, टोक सरळ वर खुपसतात आणि जोरात ‘सूंss’ करून ओढतात. औषध थेट घशात जातं, तोंड वाईट होतं, आणि नाकाला काहीच मिळत नाही. तुम्ही असं करा. आधी नाक शिंकरून घ्या. बाटली हलवा, नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत काही वेळा दाबा. मान मागे टाकू नका, उलट किंचित खाली झुकवा, स्वतःच्या पायाची बोटं बघितल्यासारखी. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डावीसाठी उजव्या हातात. असा हात आडवा घेतला की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं, आणि तेच हवं आहे. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर फवारा मारत राहिलं की तिथलं अस्तर सोलवटतं आणि रक्त येतं. दाबताना श्वास हलकाच घ्या, फूल हुंगताना घेतो तेवढा. नंतर लगेच शिंकरू नका. टोक पुसून झाकण लावा. बाटली दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवली की विसरायला होत नाही.

ज्या वर्षी तुम्ही हा स्प्रे त्रास सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी सुरू कराल, ते वर्ष वेगळं जाईल. वर सांगितलेलं ते हळवं होत जाणारं अस्तर आठवा. ते हळवं व्हायच्या आतच त्याला सांभाळायचं. त्यासाठी या वर्षी पहिली शिंकांची सकाळ कोणत्या तारखेची होती ते आठवून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गोळीचं उत्तर सोपं आहे. तुमची जुनी गोळी बहुधा क्लोरफेनिरामाइनची असेल. ही पहिल्या पिढीची औषधं मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी आणतात. गुंगी जाणवली नाही तरी लक्ष आणि प्रतिसाद मंदावलेला असू शकतो, म्हणून ती घेऊन गाडी चालवणं धोक्याचं. ती सोडा. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही नंतरच्या पिढीतली औषधं मेंदूत फारशी जात नाहीत. सेटिरिझिनही याच पिढीचं, पण काहींना त्यानेही डोळ्यांवर झापड येते, त्यांनी ते रात्री घ्यावं. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्या. फळांच्या रसासोबत घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही. आणि शिंका सुरू झाल्यावर गोळी शोधण्यापेक्षा त्रासाच्या दिवसांत रोज ठरल्या वेळी घेतलेली गोळी जास्त काम करते. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या : सर्दीच्या कित्येक एकत्रित गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषधही घातलेलं असतं. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी त्या स्वतःहून घेऊ नयेत. तशीच काळजी माँटेलुकास्ट हे दम्याचं औषध जोडलेल्या गोळ्यांबाबत घ्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 च्या मार्चमध्ये माँटेलुकास्टवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काहींना त्याने मन उदास होणं, चिडचिड, वाईट स्वप्नं, क्वचित आत्महत्येचे विचार असे परिणाम दिसले. ते विष नव्हे, दम्यात त्याला जागा आहे. पण निव्वळ शिंकांसाठी पहिलीच गोळी म्हणून ते घेण्याची गरज नसते. घेत असाल आणि मन बिघडल्यासारखं वाटलं तर लगेच डॉक्टरांशी बोला.

इंजेक्शन घेऊ नका. इथे मी मुद्दाम एवढं स्पष्ट लिहिते आहे. ‘वर्षभर बघायला नको’ असं सांगितलं जातं ते बहुधा दंडात किंवा कमरेत देण्याचं, आठवडेच्या आठवडे शरीरात मुरत राहणारं स्टिरॉइड असतं. ट्रायमसिनोलोनच्या अशा एका इंजेक्शनात 40 मिलिग्रॅम औषध असू शकतं, आणि ते सबंध शरीरभर फिरतं. रक्तातली साखर वाढते, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावतं, वारंवार घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, टोचलेल्या जागी कातडीला खळगा पडू शकतो. आणि एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. नाकात मारायच्या एक पंचमांश मिलिग्रॅमला घाबरून माणसं हे इंजेक्शन घ्यायला निघतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. त्या बाईंनी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं असणार. त्यांनाही हे वाचायला द्या.

डोळे चोळणं थांबवा, हे सांगणं किती सोपं आणि करणं किती अवघड ते मला माहीत आहे. पण चोळलं की त्याच मास्ट पेशी आणखी फुटतात, खाज वाढते, आणि वर्षानुवर्षं जोरात चोळत राहणाऱ्यांत बुबुळाचा पुढचा पडदा शंकूसारखा पुढे येण्याचा धोका असतो. खाज सुटली की थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवा. ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनचे डोळ्यांचे थेंब चांगले काम करतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्स काढून थेंब घाला आणि पंधरा मिनिटांनी लेन्स लावा. स्टिरॉइड असलेले डोळ्यांचे थेंब मात्र नेत्रतज्ज्ञांनी तपासल्याशिवाय कधीही घालू नका. नाकाच्या स्प्रेबद्दल तुमची भीती काढली, या थेंबांबद्दल ती भीती असू द्या. त्यांनी डोळ्यांतला दाब वाढतो.

मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की चिकटलेले कण आणि स्राव निघून जातात, आणि स्प्रेआधी धुतलं तर औषध अस्तरापर्यंत नीट पोहोचतं. एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ हे प्रमाण. पाव लिटरला सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित कमी. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं. नळाचं पाणी तसंच वापरू नका. पिऊन जे पाणी पचतं ते नाकात चालेलच असं नसतं : नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा अशा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे अत्यंत दुर्मीळ आहे, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक, आणि एक मिनिट खळखळून उकळलं की टळतं. भांडं रोज धुऊन कोरडं करा.

परागकणांपासून शंभर टक्के पळता येत नाही, आणि घर बंद करून बसावं असं मी सांगणार नाही. पण घरी आल्यावर कपडे बदलणं, चेहरा धुणं आणि रात्री झोपण्याआधी केस धुणं, निदान ओल्या फडक्याने पुसणं, याने खरंच फरक पडतो. नाहीतर दिवसभर केसांत जमलेले कण तुम्ही उशीवर पसरता आणि रात्रभर हुंगता. त्रासाच्या दिवसांत धुतलेले कपडे आणि चादरी घरातच वाळवा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. बाहेर जाताना चष्मा आणि मास्क. मध खाऊन ॲलर्जी जाते असं कुणी सांगेल. मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यांचे कण जड आणि चिकट असतात, तुम्हाला छळणारे कण वाऱ्यावरचे असतात, त्यामुळे तो हिशेब मुळातच जुळत नाही. वाफेने घटकाभर बरं वाटतं, पण मुलीला उकळत्या पाण्याच्या भांड्यापाशी बसवू नका. त्याने भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

जन्मभराचं विचारलंत. स्प्रे नीट, रोज, वेळेआधी सुरू करून एक पूर्ण हंगाम काढा. तरी भागलं नाही तर पुढचं पाऊल असतं स्टिरॉइड आणि ॲझेलास्टिन (हिस्टामीनला रोखणारं औषध) एकत्र असलेला स्प्रे, आणि त्यापुढे तपासणी. कातडीवर टोचून केलेल्या चाचणीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत कळतो. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, किती दिवस ते तिथे विचारून घ्या. पण चाचणीत पुरळ उठलं म्हणजे त्या गोष्टीची ॲलर्जी आहेच असं नाही. तुमच्या त्रासाच्या तारखा आणि तो निकाल जुळला पाहिजे. म्हणून शंभर पदार्थांची एकदम तपासणी करून हातात लांबलचक यादी देणाऱ्यांपासून जपून राहा. कारण नक्की कळलं की मग इम्युनोथेरपीचा विचार करता येतो : ज्याची ॲलर्जी आहे तेच अगदी अल्प मात्रेत, वाढवत वाढवत, इंजेक्शनने किंवा जिभेखाली देऊन शरीराला त्याची सवय लावायची. लिओनार्ड नून या इंग्लिश डॉक्टरने 1911 मध्ये गवताच्या परागकणांवर हे करून दाखवलं, तेव्हापासून ते सुधारत आलं आहे. निदान तीन वर्षं नेटाने घ्यावं लागतं, इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं लागतं, आणि दमा काबूत नसेल तर देत नाहीत. पण दुखण्याची मूळ खोडच बदलणारा उपाय हा एकच आहे, आणि त्याचा फायदा उपचार थांबवल्यावरही काही वर्षं टिकतो. तेव्हा ‘जन्मभर सोसायचं’ हे उत्तर नाही.

छातीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून विचारते. रात्री कोरडा खोकला येतो का? जिना चढताना छाती आवळते का? श्वास सोडताना शीळ वाजते का? नाक आणि फुप्फुसं एकाच वाटेची दोन टोकं आहेत, आणि नाकाच्या ॲलर्जीसोबत दमा असणं नेहमीचं आहे. 21 नोव्हेंबर 2016 ला मेलबर्नमध्ये संध्याकाळी वादळ आलं. ओलाव्याने गवताचे परागकण फुटून त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे हवेत पसरले, हजारो लोक श्वास लागून दवाखान्यांकडे धावले आणि 10 जण दगावले. त्या दिवशी धाप लागलेल्यांत असे कितीतरी होते ज्यांना आजवर फक्त शिंकाच यायच्या. वरच्या तीनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर नाकाचं नंतर बघू, आधी छाती तपासून घ्या. नाक एकाच बाजूने सतत बंद असेल, रक्त किंवा घाण वास येत असेल, वासच येईनासा झाला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर वरची औषधंही विचारूनच.

मुलीचं सांगते. आईला ॲलर्जी असली तर मुलांना ती होण्याची शक्यता वाढते, होतेच असं नाही. पण तुम्ही लिहिलंत की ती सारखी नाक घासते. तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर ढकलते का, ते बघा. असं महिनोन् महिने केलं की नाकाच्या मधोमध, मऊ भाग सुरू होतो तिथे, एक बारीक आडवी रेघ उमटते. तिला उजेडात समोर उभी करा आणि ती रेघ शोधा. डोळ्यांखाली काळसर सावली आहे का तेही बघा. ती दर वेळी जागरणाची नसते, नाक चोंदल्यामुळे तिथल्या शिरांत रक्त साचूनही येते. सापडलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमची गोळी अर्धी करून तिला देऊ नका, तुमचे थेंब तर मुळीच नकोत. लहान मुलांसाठीही नाकाचा स्प्रे असतो. डॉक्टर लागेल तेवढीच कमी मात्रा देतील आणि अधूनमधून तिची उंची मोजतील, कारण काही मुलांत वाढीचा वेग किंचित मंदावलेला दिसला आहे.

आज रात्री ती झोपली की दोन मिनिटं तिच्याजवळ बसा आणि श्वास ऐका. तोंड उघडं असेल, घोरत असेल, किंवा श्वास सोडताना बारीक शीळ ऐकू येत असेल, तर उद्या आधी तिची अपॉइंटमेंट घ्या, मग तुमची.